पाटाच्या कडेची वाट

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वाराला शिरढोण मागे पडले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. थोड्याच वेळात रस्ता खिंडीच्या चढाला लागतो आणि दोन्ही बाजूंची झाडी जवळ येते. १९६८ साली जाहीर झालेले कर्नाळा हे महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य. क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या पोटातूनच मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. थंडीत पाहुणे पक्षी इथे उतरतात त्याच महिन्यांत सायकलींचाही हंगाम असतो. पण या खिंडीत सायकल चालवणाऱ्याला पक्षी ऐकू येत नाहीत, मान वर करून सुळका पाहण्याचीही उसंत मिळत नाही. सारे लक्ष मागून येणाऱ्या ट्रेलरच्या आवाजाकडे आणि डांबराच्या तुटक्या कडेकडे लागलेले असते.

महाराष्ट्राला सायकल नवी नाही, सायकलवरचे धाडसही नवे नाही. १९२३ साली मुंबईच्या काही पारशी तरुणांनी सायकलवर जगप्रवास आरंभला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे तो पुरा करून १९२८ साली परतले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे पनवेल-खोपोलीत कुणाला सांगावे लागत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सफरी, पुरी करणारे डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी आता प्रत्येक मोठ्या शहरात भेटतात.

ही सगळी कर्तबगारी मोटारींच्या सोबतीने करावी लागते, नाहीतर मोटारी रस्त्यावर येण्याआधी. पहाटे साडेचारला घर सोडायचे आणि नऊच्या आत परतायचे, हा महामुंबईतल्या सायकलस्वारांचा शिरस्ता आहे. तोही पुरेसा ठरत नाही. इंटेलच्या चिपच्या रचनेत मोठा वाटा असलेले अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ सायकल चालवत असताना टॅक्सीची धडक बसून गेले. वय ६८. अनुभवी माणूस, सोबत मित्रांचा गट, रस्ता रुंद आणि गुळगुळीत; आणि तरीही.

म्हणून प्रश्न असा आहे: दहा वर्षांची मुलगी, तिचे आईवडील आणि साठीतले आजोबा यांना मिळून चार दिवस, रोज तीस-चाळीस किलोमीटर, मोटारींच्या धाकाशिवाय सायकलने हिंडता येईल अशी वाट महाराष्ट्रात आहे का? आणि नसेल, तर होऊ शकेल का?

युरोपात अशा वाटा आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत लोकप्रिय वाटा नदीखोऱ्यांतून, द्राक्षमळ्यांच्या मुलखातून जातात. यामागे साधे भूगोलाचे कारण आहे. नदीच्या काठाने चढ अंगावर येत नाही. द्राक्षशेती माणसांच्या हातांवर चालते, त्यामुळे मळ्यांच्या मुलखात गावे दाट असतात; दर चार-सहा किलोमीटरवर पाणी, जेवण, मुक्काम मिळतो. नदीकाठानेच बहुधा रेल्वेही जाते, म्हणजे थकलेल्याला परतीची सोय. जर्मनीत मोझेल नदीकाठची वाट त्रिअरहून कोब्लेन्झला जाते, फ्रान्समध्ये ल्वार नदीची वाट सुमारे ९०० किलोमीटर चालते, आणि डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३२० किलोमीटरचा टप्पा तर कुटुंबांची पहिली सायकल सफर म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात वाखाऊचे खोरे येते. उतारावर द्राक्षांच्या पायऱ्या, खाली जर्दाळूच्या बागा. हे खोरे २००० सालापासून जागतिक वारसा आहे.

या डॅन्यूबच्या वाटेची एक गोष्ट महाराष्ट्राने नीट पाहावी अशी आहे. तिचा मोठा भाग सायकलींसाठी बांधलेला नाही. बोटी प्रवाहाच्या उलट दिशेने ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी नदीच्या कडेने पायवाट राखलेली होती. घोडे गेले, वाफेची जहाजे आली, पण जलमार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेला काठाच्या देखभालीसाठी ती वाट लागत राहिली. १९८० च्या दशकात ती सायकलींना खुली झाली. मालकी आजही जलमार्गाच्या यंत्रणेची. यंत्रणेच्या गाड्या तिथून जातात, आणि सायकलस्वार स्वतःच्या जबाबदारीवर जातो. फारशी नवी जमीन न घेता जगातली एक नावाजलेली सायकलवाट उभी राहिली. लागली ती परवानगी, दिशादर्शक पाट्या आणि मधले तुटलेले दुवे जोडण्याचा खर्च.

महाराष्ट्रात घोड्यांनी ओढायच्या बोटी नव्हत्या. पण कालवे आहेत, आणि प्रत्येक मोठ्या कालव्याच्या भरावावरून पाटबंधारे खात्याचा रस्ता जातो. गेट उघडायला, गळती पाहायला, पाण्याची चोरी रोखायला पाटकरी आणि शाखा अभियंता याच रस्त्याने फिरत आले. मुठा, नीरा, गोदावरी, कृष्णा, प्रवरा या खोऱ्यांतले जुने कालवे शंभर ते दीडशे वर्षांचे आहेत. कालव्याचा उतार फार हलका ठेवावा लागतो, नाहीतर पाणी तळ खरवडून नेते. म्हणजे भरावावरचा रस्ताही सपाटच. सायकलसाठी याहून सोयीची आखणी कुणी मुद्दाम करायला बसला तरी त्याला जमायची नाही.

सांगली जिल्ह्याकडे पाहिले की हे सगळे एका नकाशावर दिसते. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर एकोणिसाव्या शतकातला बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कालवा नदीच्या डाव्या अंगाने वाळवा आणि पलूसच्या भागातून तासगावच्या बाजूला उतरतो. सुरुवातीला ऊस, मग हळद, आणि पुढे पलूस-तासगावचा द्राक्षपट्टा. वाटेत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गाजवलेले कुंडल, १९१० साली ओसाड माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी, कृष्णाकाठचे औदुंबर, दुधाच्या धंद्याने नावारूपाला आलेली भिलवडी, आणि शेवटी तासगावच्या गणपतीचे दाक्षिणात्य धाटणीचे उंच गोपुर. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्थानके याच पट्ट्यात आहेत. नदी, द्राक्षे, दाट गावे, पाहण्याजोगी स्थळे आणि परतीची रेल्वे: मोझेलच्या खोऱ्यात जे जे आहे ते इथे आहे. तिथे नसलेले बेदाण्याचे रॅकही इथे आहेत.

बेदाण्याचा काळ हा या सफरीचा खरा हंगाम ठरावा. फेब्रुवारी उजाडला की तासगाव, कवठे महांकाळ, मिरजेच्या माळांवर हिरव्या जाळ्यांचे लांबच लांब रॅक भरू लागतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षे जाळीवर पसरतात. दोन आठवड्यांच्या आसपास ती सुकतात, मग मळणी, प्रतवारी, शीतगृह आणि तासगाव-सांगलीच्या बाजारात सौदा. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे काम पाहायला परदेशी पाहुणा आला तर त्याला मोटारीतून एखादे शेड दाखवतात. सायकलने त्याच भागातून तीन दिवस फिरणाऱ्याला मात्र काढणीपासून शीतगृहापर्यंतची सगळी साखळी आपोआप दिसेल. म्हैसाळ आणि ताकारीच्या उपसा योजनांनी हा कोरडा मुलूख कसा बदलला तेही दिसेल.

द्राक्षाच्या मुलखात जाताना त्याचे वेळापत्रक मात्र पाळले पाहिजे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहार छाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने बागांत फवारणीचे ब्लोअर सारखे फिरत असतात. त्या दिवसांत बागेला चिकटून जाणाऱ्या वाटेवर औषधाचा तुषार अंगावर येतो. लहान मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नये. बागाइतदारालाही बाहेरच्या माणसाची काळजी असते. निर्यातीचा माल २००६ पासून ग्रेपनेट या माग ठेवणाऱ्या प्रणालीच्या नोंदीत असतो, कोणत्या प्लॉटवर केव्हा काय फवारले याचा हिशेब द्यावा लागतो, आणि युरोपने औषधांच्या अवशेषांपायी माल नाकारल्याचा घाव २०१० साली या शेतकऱ्यांनी सोसलेला आहे. अनोळखी लोकांनी बागेत शिरून घड हाताळलेले त्याला परवडत नाही. कालव्याच्या भरावावरची वाट इथे उपयोगी पडते: ती बागेच्या शेजारून जाते, बागेतून जात नाही.

नाशिकची गोष्ट वेगळी. तिथे सायकलस्वार आहेत, पाहुणे आहेत, पैसाही आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या सुला कंपनीने २००५ साली गंगापूर धरणाच्या रस्त्यावर वाइन चाखण्याची खोली उघडली, आणि पुढच्या काळात त्या बाजूला पर्यटकांची रीघ लागली. २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत हा खाण्याच्या द्राक्षांचा मुलूख तर देशभर ठाऊक आहे. नाशिकचे सायकलस्वार आषाढीला पंढरपूरची सायकलवारी करतात, एरवी गंगापूर, गिरणारे, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला फेऱ्या मारतात. पण नेमका तोच गंगापूर रस्ता शनिवार-रविवारी मोटारींनी भरून जातो. वाइन पिऊन परतणाऱ्या चालकांच्या रांगेतून मुलांना सायकल चालवायला सांगणे कुणाही शहाण्या माणसाला पटणार नाही.

उपाय शेजारीच आहे. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, आडगावच्या द्राक्षबागांमधून पूर्वेला जातो. कडवा नदीवरच्या पालखेडचा डावा कालवा निफाड ओलांडून येवल्याकडे पोहोचतो. आणि गोदावरी-कडवाच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. त्याच्या पाणथळीला जानेवारी २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, तो मिळवणारी महाराष्ट्रातली ती पहिली जागा. नाशिक ते नांदूरमध्यमेश्वर हा प्रवास कालव्यांच्या कडेने आणि गावरस्त्यांनी दोन दिवसांत निवांत होऊ शकतो. एका टोकाला द्राक्षे, दुसऱ्या टोकाला करकोचे आणि रोहित. निफाडला थांबणाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत राज्यातली सर्वांत कडक थंडीही भेटेल.

दिंडोरी तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या चर्चेत तीच सर्वांत मोलाची वाटते. वाघाड प्रकल्पाचे पाणी तिथले शेतकरी स्वतःच्या पाणीवापर संस्थांमार्फत सांभाळतात. पाणीपट्टी गोळा करणे, वाटप, चाऱ्यांची दुरुस्ती, सगळे त्यांच्याकडे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी हे काम उभे केले, आणि राज्याने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला त्यामागे वाघाडसारख्या अनुभवांचे बळ होते. कालव्याच्या वाटेचा प्रश्न मंत्रालयात सोडवायला गेले तर तो जलसंपदा, पर्यटन, ग्रामविकास आणि सार्वजनिक बांधकाम या चार दारांवर फिरत राहील. पाणीवापर संस्थेला मात्र वाटेची निगा राखायचे कारण आहे, माणसे आहेत आणि कालव्यावर रोजची नजर आहे. सायकलस्वारांकडून थोडे शुल्क घेऊन, वाटेवर पाणी आणि पंक्चरची सोय करून संस्थेला दोन पैसे मिळत असतील तर ती परवानगीला आडवी येण्याचे कारण उरत नाही. मुक्कामाचीही चौकट तयार आहे: राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. ल्वारच्या वाटेवर, वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या आणि सायकलला कुलूपबंद जागा देणाऱ्या घरांना, खाणावळींना एक ठरावीक चिन्ह लावता येते. आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्रांना असे चिन्ह देणे कागदाच्या एका तुकड्याचे काम आहे.

अडचणी नाहीत असे नाही. कालव्याच्या भरावावर मोठी झाडे वाढू देत नाहीत, कारण मुळांनी भराव फुटतो. त्यामुळे सावली नाही, आणि मार्चनंतर सकाळी अकराच्या पुढे ऊन सोसवत नाही. झाडे नसली तरी वेडी बाभूळ असतेच, आणि तिचा काटा सायकलच्या कुठल्याही टायरला जुमानत नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. मुरूम टाकून दाबलेला थर हवाच. काही ठिकाणी रस्ता खचलेला आहे, काही ठिकाणी शेजारच्या शेतकऱ्याने नांगरून घेतला आहे. हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या याच वाटेवर उतरतात. आणि कालवा भरून वाहत असताना कडेला कठडा नसतो. पोहता न येणाऱ्या मुलाचा पाय घसरला तर सिमेंटच्या अस्तरावरून वर येता येत नाही. ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि धरायला साखळी बसवल्याशिवाय ही वाट कुटुंबांना खुली करू नये. जलसंपदा खात्याला अपघाताच्या जबाबदारीची भीती वाटते ती यामुळेच, आणि ती भीती रास्त आहे. ऑस्ट्रियासारखा स्वतःच्या जबाबदारीवरचा वापर आणि मूलभूत सुरक्षेची हमी, अशी दुहेरी तजवीज इथे नियमात बसवावी लागेल.

कोकणात द्राक्षे नाहीत, कालवेही मोजकेच. मग कर्नाळ्याचे काय?

कर्नाळ्याच्या दक्षिणेला पाताळगंगेचे खोरे आहे. ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते याचे कारण घाटावर आहे: लोणावळ्याच्या बाजूची वळवण, शिरवटा, लोणावळा ही टाटांची धरणे, तिथून नळांनी खोपोलीच्या वीजघरात उतरणारे पाणी, आणि जनित्रे फिरवून झाल्यावर ते पाताळगंगेत सोडणे. १९१५ पासून हे चालू आहे. रसायनीच्या कारखान्यांनी या पाण्याचे हाल केले, तरी आपट्याच्या आसपास खोरे अजून देखणे आहे: भातखाचरे, ताड, मागे माणिकगड आणि कर्नाळा. पनवेल-रोहा रेल्वेमार्ग कर्नाळा किल्ल्याच्या पूर्वेकडून सोमाटणे, रसायनी, आपटे, जिते असा जातो. आपट्याचे स्थानक १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगात देशाने पाहिले आहे. रसायनी-आपटे-खारपाडा हा खोऱ्यातला रस्ता रविवारी सकाळी बराच शांत असतो. आठवड्याच्या दिवशी टँकर असतात.

पश्चिमेकडची बाजू महामार्गाची. तिथे थांबण्याजोगे बरेच आहे. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. पुढे तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर, तिथली खादी, तेलघाणी, कुंभारकाम. डोंगरापलीकडे उरण तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे चिरनेर. पनवेल, शिरढोण, कर्नाळा, तारा, खारपाडा, आपटे, रसायनी आणि परत पनवेल, असा हा फेरा एका दिवसाचा आहे. इतिहास, जंगल, नदी, रेल्वे सगळे त्यात येते. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग थोड्या कामात सायकलयोग्य होईल. पश्चिमेकडचा अर्धा आज मुलांना नेण्यासारखा मुळीच नाही.

आणखी पश्चिमेला, धरमतरच्या खाडीकडे, कालव्याच्या भरावासारखीच एक वाट पडून आहे: खारबंदिस्ती. पेण, उरण, पनवेल, अलिबागच्या शेतकऱ्यांनी समुद्राचे पाणी अडवून भातशेती केली ती मातीच्या लांब बांधांच्या आधाराने. उधाणाचे पाणी आत येऊ न देणाऱ्या, पावसाचे बाहेर सोडणाऱ्या उघाड्या त्या बांधांमध्ये बसवलेल्या असतात. १९७९ साली खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला, तरी बांध फुटतात, शेतात खारे पाणी शिरते आणि खाचरांत तिवरे उगवतात. बांधावरून लोक चालत असतील, सायकली जात असतील, तर बांधाकडे लक्ष राहते आणि फूट लवकर कळते. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी आणि चोडण बेटांवर खाजन शेतीचे असेच बांध आहेत. फेरीबोटीने सायकल घेऊन उतरायचे आणि बांधाच्या, गावाच्या रस्त्याने फिरायचे, अशा सफरी तिथे रुळल्या आहेत. चोडणला सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्यही आहे. मात्र खारबांधावर सिमेंट ओतण्याचा मोह टाळला पाहिजे. मातीचा बांध दरवर्षी थोडा खचतो आणि थोडा भरावा लागतो. त्यावर कडक थर दिला की खालून पोकळी होते आणि फूट वरून दिसत नाही.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांची कल्पनाही वारंवार पुढे येते. न्यूझीलंडचा १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल मार्ग, ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर खोऱ्यातली रिस्लिंग वाट, १९९३ पासून स्पेनने उभे केलेले हिरव्या वाटांचे जाळे, ही उदाहरणे मोहात पाडणारी आहेत. महाराष्ट्रात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची १८९ किलोमीटरची ‘शकुंतला’ डोळ्यांसमोर येते. पण वऱ्हाडातल्या लोकांना तिथे सायकलवाट नको, रेल्वे परत हवी आहे, रुंद रुळांवर. ती मागणी जिवंत असताना रुळांची जागा सफरीसाठी मागणे अन्यायाचे होईल.

शहरांनी बांधलेल्या सायकल मार्गांची कहाणी निराश करणारी आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली झालेल्या मार्गावर मोटारी उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशने २०१६ साली इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग केला. काही वर्षांतच त्यावर अतिक्रमणे झाली, पट्टा जागोजागी तुटला. हैदराबादने २०२३ साली बाह्यवळण रस्त्याच्या कडेला २३ किलोमीटरचा, सौर छताचा मार्ग केला. तो वापरात आहे, कारण तो सलग आहे, कठड्याने वेगळा आहे आणि रात्रीही उजेड असतो. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरच्या सायकलवाटेची योजना महापालिकेने आखली. त्या जलवाहिनीलगतची घरे न्यायालयाच्या आदेशाने हटवली गेली, आणि तिथल्या हजारो माणसांना माहुलच्या विषारी हवेत नेऊन ठेवले गेले. वाट मोकळी होताना कुणाचे घर जाते, हा प्रश्न प्रत्येक नव्या मार्गाच्या आराखड्यात पहिल्या पानावर असला पाहिजे. रिकामा भराव आणि खारबांध पुढे करण्याचे हेही एक कारण आहे.

आणि वाट कुणाची, याचेही उत्तर स्पष्ट असावे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. त्या मुली रोज शाळेत जातात, उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूने. कालव्याची वाट खुली झाली तर वर्षातले दोनशे दिवस ती त्यांची असेल, शेतमजुरांची असेल, दूधवाल्याची असेल. सफरीला येणारा पाहुणा शनिवार-रविवारी येईल. मोझेलच्या वाटेवरही द्राक्षे वाहणारे ट्रॅक्टर जातात आणि सायकलस्वार त्यांना बाजू देतो. रोज वापरणारी माणसे असली तरच वाट टिकते. सफरीच्या हंगामापुरती राखलेली वाट पहिल्या पावसात बाभळीखाली जाते.

कर्नाळ्याच्या परिसराला मात्र फारसा वेळ उरलेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले; त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे नियोजन २०१३ पासून सिडकोकडे आहे आणि नगररचना योजना एकामागून एक मंजूर होत आहेत. या क्षेत्रातल्या गावांत नकाशावर आज जी रेघ ओढली जाईल तीच पुढची पन्नास वर्षे राहील. गाढी, कासाडी, पाताळगंगा या नद्यांच्या काठी पुराची निळी रेषा आखलेली असते. तिच्या आत बांधकामाला बंदी आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही जागा. तिथे इमारत होऊ शकत नाही, भिंत घालून काठ बांधणेही योग्य नाही, पण मुरमाची अडीच मीटर रुंद वाट होऊ शकते. पूर आला तर ती बुडेल आणि उतरल्यावर पुन्हा मुरूम टाकावा लागेल. एवढ्या खर्चात नदीकाठ लोकांच्या हातात राहतो.

खिंडीतला प्रश्न वेगळा आणि अवघड. अभयारण्यात सायकलीसाठी एक झाडही कापायला नको. आधीच महामार्गाने पुरेसे घेतले आहे. तिथे जागा डांबरातूनच काढावी लागेल: मोटारींचा वेग उतरवून, गोव्याकडच्या बाजूची एक पट्टी कठड्याने वेगळी करून. वेग उतरला तर रस्ता ओलांडणारे प्राणीही वाचतील, आणि हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटांवर पक्षी ऐकायला आलेल्यांनाही काही ऐकू येईल. तोवर पनवेलच्या सायकलस्वारांना नेरे-गाढेश्वर-धोदाणीचा, माथेरानच्या पायथ्याचा रस्ता आणि रसायनी-आपट्याचे खोरे आहे. रेल्वेने एवढे केले तरी पुष्कळ होईल: पनवेल-रोहा मार्गावरच्या गाड्यांत शनिवार-रविवारी एका डब्यात सायकली उभ्या करायला जागा. आज सायकल सामान म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावी लागते, आणि आपट्यासारख्या लहान स्थानकावर मिनिटभर थांबणाऱ्या गाडीतून ती उतरवून घेणे हेच मोठे काम होऊन बसते. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांत २०१० पासून सायकल फुकट नेता येते. पनवेल ते पेण एवढ्या टप्प्यावर हा प्रयोग एका हिवाळ्यात करून पाहता येईल.